बावीस बोअरची रायफल रिकामी चालवावी का?

इंदूर-महू परिसरातल्या मराठी घरांना नेमबाजी नवी नाही. महूला लष्कराचे मार्क्समनशिप युनिट आहे. शहराला लागून सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे सुभेदार विजय कुमार महूच्याच युनिटमधले. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणले, तेव्हा आपल्याकडेही पेढे वाटले गेले. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात भारताने सांघिक सुवर्ण जिंकले. त्या संघात स्वप्नीलच्या जोडीला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर होता. आपले महेश्वर ज्या जिल्ह्यात आहे, त्या खरगोनचा हा मुलगा. तेव्हा घरातल्या मुलामुलींनी ‘मला पण रायफल शिकायची’ म्हटले तर नवल नाही.

या सगळ्या स्पर्धांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे काडतूस. २५ मीटर रॅपिड फायर असो की ५० मीटर रायफल, काडतूस असते ते पॉइंट टूटू, म्हणजे आपल्या बोलण्यातले बावीस बोअर. एनसीसीत मुलांच्या हाती पहिल्यांदा येते तीही बावीस बोअरचीच. शिवाय काही जुन्या घरांत आजोबांच्या वेळची, शिकारीला बंदी येण्याआधीची एखादी बावीस बोअर रायफल परवान्यावर अजून सांभाळलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती कपाटात गेली. निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा होते, निवडणुका संपल्या की परत येते.

अशा घरांतून आमच्याकडे एक प्रश्न सारखा येतो. रिकाम्या बंदुकीचा चाप दाबला तर ती बिघडते का? नेमबाजीच्या भाषेत याला ‘ड्राय फायर’ म्हणतात. एक काका शपथेवर सांगतात की बावीस बोअर रिकामी चालवलीत तर महिन्याभरात पिन गेली म्हणून समजा. दुसरे काका म्हणतात, चाळीस वर्षे चालवतोय, काही झालेले नाही. मुलाचे प्रशिक्षक सांगतात, रोज अर्धा तास ड्राय फायर कर. आता या घरातल्या आईने कोणाचे ऐकावे?

गंमत म्हणजे तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण तिघांच्या डोळ्यांसमोरची हत्यारे वेगवेगळी आहेत. म्हणून नुसते हो किंवा नाही असे उत्तर न देता आत काय घडते ते आधी पाहू.

काडतुसात ठिणगी कुठे पडते

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल सगळ्यांनी उडवले आहे. टिकलीतली दारू हातोडी आणि पिस्तुलाचा पत्रा यांच्यामध्ये चिरडली जाते आणि फट्‌ आवाज येतो. चिरडली जाणे महत्त्वाचे. टिकली हवेत धरून तिच्यावर कितीही हातोडी मारा, काही होणार नाही. मागे टेकू हवाच.

खऱ्या काडतुसातही तेच घडते. मोठ्या बोअरच्या काडतुसात, म्हणजे .३२ च्या रिव्हॉल्व्हरच्या किंवा लष्करी रायफलीच्या, बुडाच्या बरोबर मध्यभागी एक छोटी वाटी बसवलेली असते. टिकलीसारखी दारू तिच्यात असते आणि टेकूही त्या वाटीच्या आतच असतो. फायरिंग पिन मध्यावर आपटते, दारू पेटते. असे काडतूस ते सेंटरफायर.

बावीस बोअरचे काडतूस याहून जुन्या पद्धतीचे आहे. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर याने घरातल्या दिवाणखान्यात नेम धरण्यासाठी अशा जातीची छोटी काडतुसे केली. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टूटू शॉर्ट आणले. आज आपण जे वापरतो ते पॉइंट टूटू लाँग रायफल १८८७ चे. या काडतुसाला मध्यभागी वाटी नसते. पितळेच्या पातळ नळकांड्याचे बूड बाहेरच्या बाजूला दुमडून एक पोकळ कड केलेली असते. डब्याच्या झाकणाचा पत्रा दुमडतात ना, तशी. पेटणारी दारू त्या दुमडीच्या पोकळीत गोल पसरलेली असते. म्हणून कुठल्याही बाजूने ठेवा, कडेवर घाव बसला की काडतूस उडते. कड म्हणजे रिम, आणि असे काडतूस ते रिमफायर.

आता टेकूचे पाहा. कडेवर मागून पिन आपटते, पण कडेच्या पुढे काय असते? नळीचे मागचे तोंड, म्हणजे चेंबरची कड. काडतूस चेंबरमध्ये शिरते तेव्हा त्याची दुमडलेली कड या तोंडावर अडून बसते. पिन हातोडी, चेंबरची कड ऐरण, आणि मध्ये चिरडली जाणारी पितळी दुमड. बावीस बोअरची सगळी रचना एवढीच आहे. स्वस्त, हलकी, खांद्याला धक्का न देणारी, म्हणून दीडशे वर्षांहून जास्त टिकली.

काडतूस नसेल तेव्हा

मधली पितळी दुमड काढून टाका. उरते काय? हातोडी आणि ऐरण.

सेंटरफायर बंदूक रिकामी चालवली तर पिन मध्यभागातून पुढे येते आणि चेंबरच्या पोकळीत थांबते. समोर आपटायला काही नाही. म्हणून .३२ चे रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या काकांचा चाळीस वर्षांचा अनुभव खरा असला तरी आजोबांच्या बावीस बोअरला तो लागू होत नाही. त्यांच्या हत्यारात पिनच्या वाटेत लोखंडच नाही.

रिमफायरमध्ये पिन मध्यभागी नसून काठावर असते आणि तिच्या अगदी समोर चेंबरची कड असते. दोघींमध्ये अंतर किती? काडतुसाच्या कडेची जाडी जेमतेम एक मिलीमीटर. पिन त्याहून थोडीशीच कमी बाहेर आली तर ती दुमड नीट चिरडते आणि रिकामी असताना कडेला शिवत नाही. पण हा ‘थोडीशीच’ म्हणजे मिलीमीटरचा काही भाग. कारखान्यात पिन किंचित लांब राहिली, कोणी नवी पिन घासून नीट बसवली नाही, बोल्टची कड झिजली, की पिन लोखंडावर पोचते.

एका वेळेला काहीच दिसत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मुलाने चुकून एकदा चाप दाबला म्हणून घाबरून फोन करणारे पालक आहेत. एका खटक्याने रायफल जात नाही. पण पिन कडक पोलादाची असते आणि नळीचे पोलाद त्यामानाने मऊ. दर वेळी त्याच एका ठिकाणी घाव बसतो. हळूहळू तिथे पिनच्या तोंडाएवढा खड्डा पडू लागतो आणि दबलेले पोलाद बाजूला सरकून चेंबरच्या आत बारीक कुसळासारखे पुढे येते.

त्यातून दोन त्रास सुरू होतात. पहिला या कुसळाचा. काडतूस आत जाताना घासते, कधी अर्ध्यावर अडते, आणि उडाल्यावर पुंगळी बाहेर येताना त्रास देते. कारण पितळ फुगून चेंबरला चिकटलेले असते आणि वाटेत कुसळ उभे. पुंगळीच्या अंगावर एका ठराविक जागी लांब ओरखडा दिसू लागला, तर संशय घ्यावा. दुसरा त्रास खड्ड्याचा. पिन जिथे आपटते, नेमकी तिथलीच ऐरण खोल गेलेली. पितळी दुमड मागून दाबली जाते, पण पुढे टेकू नाही, म्हणून ती नीट चिरडली जात नाही, नुसती आत ढकलली जाते. काडतूस उडत नाही. लोक काडतुसांना दोष देतात, डबे बदलतात. चूक काडतुसाची नसतेच.

उलट बाजूने पिनचेही नुकसान होते. तोंड बोथट होते, कधी कोपरा उडतो. जुन्या रायफलीत ही मोठी अडचण, कारण त्या जातीची पिन आज दुकानात मिळत नाही आणि हाताने करून देणारे कारागीर कमी होत चालले आहेत.

मग प्रशिक्षक का करायला लावतात?

कारण नेम धरण्याचे शिक्षण मुख्यतः रिकाम्या चापावरच होते. काडतूस महाग, ते मोजून मिळते आणि आवाजाने नवशिक्याचे डोळे मिटतात. रिकाम्या रायफलीवर मुलाला कळते की चाप सुटताना आपली साइट हलली की नाही. स्पर्धेच्या पातळीवर पोचलेले नेमबाज खऱ्या गोळ्यांच्या कितीतरी पट रिकामे चाप दाबतात.

स्पर्धेची हत्यारे बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून अनेक स्पर्धा-पिस्तुलांत आणि रायफलींत ड्राय फायरची वेगळी सोय असते. कुठे खटका बदलला की चाप तसाच लागतो पण पिन पुढे जात नाही, कुठे चेंबरमध्ये घालायची प्लॅस्टिकची गुल्ली हत्याराबरोबरच मिळते, कुठे सरावापुरती वेगळी पिन बसवता येते. प्रशिक्षक ‘रोज कर’ म्हणतात ते अशा हत्याराबद्दल. विद्यार्थी घरी येऊन तेच वाक्य आजोबांच्या रायफलीला लावतो, आणि गोंधळ तिथे होतो.

साध्या हत्यारांतही फरक आहेत. अमेरिकेत १९६४ पासून बनत असलेली रुगर टेन-ट्वेंटीटू ही अर्धस्वयंचलित बावीस बोअर रिमफायरच आहे, पण तिच्या पिनला आतच अडवणी आहे. पिन कडेपर्यंत पोचायच्या आधी थांबते, आणि रिकामी चालवायला हरकत नाही असे कंपनी आपल्या पुस्तिकेतच सांगते. याउलट स्मिथ अँड वेसन आपली सेंटरफायर रिव्हॉल्व्हर रिकामी चालवू देते, पण बावीस बोअरची नको असे सांगते. दोन्ही नामांकित कंपन्या, दोन्ही रिमफायर, आणि सल्ला उलटा. म्हणूनच आम्ही ‘रिमफायर म्हणजे कधीच नाही’ असेही म्हणत नाही आणि ‘आजकाल सगळ्या चालतात’ असेही म्हणत नाही. पिनला अडवणी आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न.

अडवणी असली तरी एक सावधगिरी ठेवा. काही पिस्तुलांत ही अडवणी म्हणजे पिनच्या खाचेतून आडवी जाणारी एक छोटी कडी असते. साफसफाईसाठी बोल्ट उघडला की ती सुटते, टेबलावरून घरंगळते, आणि जोडताना राहून जाते. बंदूक चालते, गोळी सुटते, कुणाला काही कळत नाही. पण आता पिनला थांबवणारे कुणी नाही, आणि मालक ‘कंपनीने परवानगी दिली आहे’ म्हणत रोज चाप दाबतो. बोल्ट उघडलात तर टेबलावर काही उरले नाही ना, हे पाहून मगच पुढचे काम करा.

आपले हत्यार कुठल्या जातीचे, ते कसे ओळखावे

पुस्तिका असेल तर प्रश्न मिटला. त्यात स्पष्ट लिहिलेले असते. नव्या हत्याराची पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. मॉडेलचे नाव नीट जुळवून पाहा, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे उत्तर वेगळे असू शकते.

जुन्या रायफलीला पुस्तिका कुठून येणार? तिथे एकच नियम धरा. माहीत नाही म्हणजे परवानगी नाही. ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे, कारण नुकसान दिसायला लागते तेव्हा खड्डा आधीच पडलेला असतो.

घरी एक तपासणी करता येते. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहा आणि बोटाने चाचपा. मग बोल्ट पूर्ण काढून घ्या. बहुतेक बोल्ट-रायफलींत तो सहज निघतो. आता नळीच्या मागच्या तोंडावर टॉर्च मारा. चेंबरची गोल कड अंगठीसारखी अखंड, धारदार दिसायला हवी. पिन जिथे येते (बोल्टच्या तोंडावरच्या भोकावरून जागा लक्षात येते) तिथे आयताची किंवा टिंबाची खूण आहे का ते पाहा. नुसती चमकदार खूण असेल तर पिन शिवते आहे, पण नुकसान अजून नाही. त्या दिवसापासून थांबा. खोलगट दिसत असेल तर लाकडी टूथपिक चेंबरच्या आतून कडेकडे हळू फिरवा. एका जागी अडकली तर कुसळ आले आहे.

दिसले तरी कानशीने घासायला जाऊ नका. ही विनंती मनापासून आहे, कारण आपल्या घरांत पाना-पक्कड चांगली चालवणारे हात पुष्कळ आहेत. चेंबरचे माप मिलीमीटरच्या शंभराव्या भागात असते. एकदा जास्त घासले गेले की ते पोलाद परत आणता येत नाही.

टाळायचे कसे

पहिला आणि सोपा उपाय म्हणजे चाप न दाबता स्प्रिंग उतरवणे. पुष्कळ लोक ड्राय फायर करतात ते सरावासाठी नव्हे, तर रायफल ठेवताना आतली स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून. बहुतेक बोल्ट-रायफलींत यासाठी खटका वाजवावा लागत नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी सुरक्षित दिशेला धरा. बोल्ट पुढे ढकला, पण दांडी अजून वरच ठेवा. आता चाप दाबून धरा आणि तसाच धरून दांडी हळू खाली आणा. पिन स्प्रिंगच्या जोराने सुटत नाही, बोल्टबरोबर हळूच पुढे येते. आवाज होत नाही, घाव बसत नाही. दोन-चार वेळा केले की हाताला सवय होते. अर्धस्वयंचलित हत्यारांत हे जमत नाही, त्यांना पुढचा उपाय.

तो म्हणजे चेंबरमध्ये मऊ काहीतरी ठेवणे, ज्यावर पिनचा घाव जिरेल. बाजारात बावीस बोअरच्या प्लॅस्टिकच्या डमी मिळतात, त्यांना स्नॅप कॅप म्हणतात. त्या चांगल्या, पण अमर नाहीत. कडेवर खड्डे पडत गेले की टेकू संपतो, मग त्या टाकून द्याव्यात. अॅल्युमिनियमच्या चकचकीत डमी दिसायला भारी असतात. मात्र बावीस बोअरमधल्या पुष्कळशा काडतूस भरण्या-काढण्याच्या सरावासाठीच केलेल्या असतात, सततच्या घावांसाठी नव्हे. विकत घेताना वेष्टनावर ड्राय फायरचा उल्लेख आहे का, ते वाचा.

परदेशातले नेमबाज भिंतीत स्क्रू बसवण्यासाठी वापरतात ती पिवळी प्लॅस्टिकची गुल्ली चेंबरमध्ये घालतात, असे मुले इंटरनेटवर पाहून सांगतात. ते खरे आहे. त्या गुल्लीचे माप योगायोगाने बावीस बोअरशी जुळते आणि तिला काडतुसासारखी रुंद कॉलर असते. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधी ‘गिट्टी’ म्हणजे ती नव्हे. तिला बहुधा कॉलर नसते. त्यामुळे पिनखाली काही येत नाही, आणि गिट्टी आत सरकून अडकली तर काढायला वेगळाच खटाटोप.

राहिली रिकामी पुंगळी. सर्वांत जुना, फुकटातला उपाय. उडालेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरमध्ये ठेवून चाप दाबायचा. कडेवर एक खूण आधीच असते, म्हणून पुंगळी दर वेळी थोडी फिरवायची, म्हणजे पिन नव्या जागी पडेल. चार-पाच खटक्यांनंतर दुसरी घ्यायची. त्याच जागी पुन्हा पुन्हा घाव बसला तर पितळ चेपून जाते आणि पिन पुन्हा लोखंडावर. पुंगळी शक्यतो त्याच रायफलीतून उडालेली असावी. दुसऱ्या चेंबरमध्ये फुगलेली आपल्या चेंबरमध्ये घट्ट बसते.

या उपायाबद्दल आमचे मन मात्र थोडे साशंक आहे. पुंगळ्या आणि खरी काडतुसे एकाच टेबलावर, एकाच रंगाच्या पितळेची, मागून पाहिली तर जवळजवळ सारखी. पिनचा घाव कडेवर कुठे आहे हे मंद उजेडात दिसत नाही. रंगीत प्लॅस्टिकची डमी तरी लगेच वेगळी दिसते. शिवाय एनसीसीच्या फायरिंगला आणि बऱ्याच क्लबांत पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात, त्या खिशात घालून घरी आणायच्या नसतात. म्हणून घरात मुले असतील तर पुंगळीऐवजी रंगीत डमी, असे आमचे मत.

एनसीसीचा खटका

कॅडेटांचे पालक इथे हमखास अडवतात. “फायरिंग संपल्यावर ‘खाली कर’चा हुकूम आला की बोल्ट चालवून शेवटी चाप दाबायला लावतात, मग तिथे रायफल बिघडत नाही का?” प्रश्न चोख आहे. तो शेवटचा खटका सरावासाठी नसतो. चेंबर खरोखर रिकामे आहे याची ती शेवटची परीक्षा, आणि ती नळी लक्ष्याच्या दिशेने असताना घेतली जाते. तिथे माणसाचा जीव आधी आणि पिन नंतर. रेंजवर जो हुकूम असेल तो पाळायचा, चेंबरच्या कडेचा विचार करत बसायचे नाही. त्या रायफली आर्मररच्या नजरेखाली असतात, तपासल्या जातात, पिना बदलल्या जातात. घरच्या रायफलीला आर्मरर नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनी चालणाऱ्या स्पर्धांतही ड्राय फायर मनाला येईल तेव्हा करता येत नाही. फायरिंग लाइनवर किंवा ठरवून दिलेल्या जागी, रेंज ऑफिसरच्या परवानगीनेच करायचे. बाकी वेळ बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग. ही शिस्त मुलांना घरीही लावता आली तर उत्तम.

आणि घरी करणारच असाल, तर खोलीत एकही खरे काडतूस नको. दुसऱ्या कपाटात नव्हे, दुसऱ्या खोलीत, कुलपात. मॅगझिन तपासा, चेंबर पाहा, मग चाचपा, मग दुसऱ्या माणसाला दाखवा. नेम धरायची भिंत पक्क्या विटांची असावी. पलीकडे शेजाऱ्यांचा दिवाणखाना असेल तर ती भिंत नको. सराव संपला की संपला. ‘आणखी एकदा’ म्हणून रायफल परत उचलायची नाही, कारण घरातले अपघात बहुधा या ‘आणखी एकदा’तच होतात. परवाना ज्याच्या नावावर त्याने समोर बसलेले असावे, हे सांगायला नकोच.

पाहुण्यांचेही बोलून घेऊ. लग्नकार्याला, दसऱ्याच्या शस्त्रपूजेला रायफल बाहेर येते, हळदकुंकू लागते आणि मग ती हातोहात फिरते. प्रत्येक जण खांद्याला लावतो, एक डोळा मिटतो आणि ‘खट्’. संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा खटके सहज होतात. वर्षभरात कोणी चाप दाबत नाही, पण दसऱ्याला सगळे मिळून दाबतात. पूजेला बोल्ट काढून शेजारी पाटावर ठेवला तर दोन्ही काळज्या एकदम मिटतात. बोल्टला वेगळे गंधफूल वाहा.

छऱ्याच्या बंदुकीचे उलटेच

ज्यांच्या घरी बावीस बोअर नाही पण छऱ्याची एअरगन आहे, त्यांनी ‘हिच्यात पिनच नाही, मग काय बिघडणार’ असे समजू नये. जत्रेतल्या फुग्यांच्या दुकानात असते तशी, नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन रिकामी उडवणे वाईटच. आतला दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो. पुढे छरा असेल तर अडलेली हवा त्याला उशीसारखी थोपवते. छरा नसेल तर हवा सरळ निघून जाते आणि दट्ट्या टोकावर आपटतो. वॉशर फाटतो, स्प्रिंग मोडते.

१० मीटर स्पर्धेच्या आधुनिक एअर रायफली वेगळ्या. त्या दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालतात आणि बहुतेकींत हवा न सोडता नुसता चाप लागण्याची सोय असते. म्हणून ज्या मुलाला खरोखर रोज सराव करायचा आहे, त्याने क्लबमधल्या अशा रायफलीवर करावा. श्वास, उभे राहणे, चापावरचे बोट हे सगळे तिथे शिकता येते. आजोबांच्या रायफलीवर रोजचे शंभर खटके घालण्याचे कारण उरत नाही.

खड्डा आधीच पडला असेल तर

निराश होऊ नका. हलका खड्डा असेल तर पोलाद कापलेले नसते, फक्त बाजूला सरकलेले असते, आणि ते परत जागेवर ढकलता येते. त्यासाठी चेंबरच्या मापाचे, अगदी गुळगुळीत, निमुळते असे खास अवजार असते. कारागीर ते चेंबरमध्ये घालून, आत आलेल्या कुसळावर टेकवून आतून बाहेर दाबतो. इस्त्रीने चुणी काढावी तसे पोलाद परत कडेत बसते. पुंगळी अडकण्याचा त्रास बहुधा तेवढ्याने जातो. खड्डा फार खोल असेल तर कडेचे काम मोठे होते, आणि कधी पिन किंचित दुसऱ्या जागी पडेल असा बदल करावा लागतो.

हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, परवाना सोबत न्या, रायफल जमा केल्याची पावती घ्या. नेण्याआधी चेंबरच्या तोंडाचा जवळून फोटो काढून ठेवा आणि आणल्यावर त्याच उजेडात दुसरा. कुसळ दाबून बसवले आहे की कानशीने खरवडले आहे, ते दोन फोटो शेजारी ठेवले की दिसते. दाबलेल्या कडेची गोलाई अखंड राहते, खरवडलेल्या जागी सपाट चकती पडते. आणि पिनची लांबी तपासून घ्या, असे त्याला स्वतःहून सांगा. मूळ पिन लांब असेल आणि फक्त कड दुरुस्त केली, तर पुढच्या दसऱ्यापर्यंत खड्डा परत तयार.